कोपरापर्यंतचा हात

खानापूरच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
पाटीवर कन्नड मोठं, मराठी बारीक,
मधे आकडा: एका पानाला दोन रुपये.

लोंढ्याची गाडी गेल्यावर निरंजन हलगेकर आला,
पेन ड्राइव्हमध्ये अख्खं न्यूझीलंड घेऊन.
"अक्का, हे नकाशे मोठ्या कागदावर काढ की.
एप्रिलात चाललोय. हरणाला."

हरणाला.
कुणी बाजाराला म्हणावं, तसं.

तिथं म्हणे हरणं फार झाल्यात.
कुणीतरी बोटीतून आणून सोडली,
वाघ आणायचा राहून गेला.
आता सरकारच म्हणतंय, मारा.
रानाचा परवाना फुकट, बंदुकीचा तेवढा वेगळा अर्ज,
आणि कुठंच कुंपण नाही.
मोकळं जनावर, मोकळा डोंगर.
कुंपण नाही, हे त्यानं तीनदा सांगितलं.
आम्ही सीमेवरची माणसं,
चौथ्यांदाही ऐकलं असतं.

आपला चैत्र, तेव्हा तिकडं पानगळ.
नर माजावर येतात, दऱ्यांतून हंबरतात,
आवाजावरून जागा सापडते, म्हणाला.

मग माझ्याच बिलबुकाच्या पाठीवर त्यानं दोन रकाने पाडले.
वाटाड्यासह: सहा दिवस, हेलिकॉप्टर, सव्वाचार लाख.
वाटाड्याविना: पत्र्याची खोली, पाठीवर बावीस किलो,
पुढं नदी, पूल नाही.
"तुला काय वाटतंय? तुझा बा तर..."

माझा बा.
याच्या आजोबांच्या दवाखान्यात एक फोटो अजून आहे,
जांबोटीच्या रानातला, कायदा यायच्या आधीचा.
सांबर आडवं, त्यावर डॉक्टरांचा बूट,
आणि शिंग धरून जनावराची मान वर ठेवणारा
एक हात, कोपरापर्यंत.
तिथं फोटो संपतो.

अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग आहे, म्हणून मी ओळखते.
आई गेल्यावर त्याच हातानं
बा माझ्या वेण्या घालायचा,
घट्ट, दावं वळल्यासारख्या.
लुमाण्णानं बंदूक कधी धरली नाही.
कनवटीला राखेची पुरचुंडी असायची.
चिमूटभर सोडायची, कुणीकडं जाते बघायचं.
"आपल्या आधी आपला वास पोचला,
तर मग तिथं आपलं काय काम?
परत फिरायचं. जनावर शाणं निघालं म्हणायचं."
डॉक्टर चिडायचे.
पण परत फिरायचे ते त्याच्याच मागून.

एकदा कणकुंबीच्या वर, पहाटे,
पोटुशी भेकर समोर, वीस पावलांवर.
डॉक्टरांना धुक्यात पोट दिसलं नाही.
बा खोकला.
त्या दिवसाची मजुरी मिळाली नाही.
मला सांगताना तो हसत होता,
आणि मधेच खरोखरच खोकला लागला त्याला.

हे निरंजनला सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, "कुठं खोकायचं ते कळणारा मिळाला,
तर घे. नाहीतर एकटाच जा."
तो हसला. त्याला वाटलं, मी दम्याचं बोलतेय.

शेवटचं पान यादीचं होतं.
अकरावं कलम: बूट घासून, वाळवून आणावेत,
विमानतळावर तळवे तपासले जातील,
परक्या मातीचा कणही चालणार नाही.
मी त्याच्या पायांकडं बघितलं.
खाचाखाचांतून तांबडी माती,
कालच जांबोटीकडं चालायच्या सरावाला गेलेला.

चौऱ्याऐंशी रुपये झाले. त्यानं शंभराची नोट दिली.
सुट्टे नव्हते माझ्याकडं.
"राहू दे, आल्यावर बघू."

गुंडाळलेला नकाशा काखेत मारून तो रस्ता ओलांडून गेला.
फरशीवर त्याच्या बुटांचे ठसे, दारापर्यंत,
तांबडे, कडेला वाळत आलेले.
केरसुणी घेतली,
आणि धूळ कुणीकडं उडते
ते बघत तशीच उभी राहिले.