तेरावा महिना

न्यायालयाच्या यादीत तिचं नाव नाही.
तीन अक्षरं, पुढे दोन आकडे.
नाव छापलं तर तिकडे कुणीतरी वाचेल, म्हणून.
विल्यम स्ट्रीटवर, सहाव्या मजल्यावर
कारकून ती अक्षरं पुकारतो
आणि सोरेती उठत नाही.
मी हलकेच सांगतो: तुम्हीच.

माझं काम दुभाष्याचं.
तिचा 'मी' तोच माझा 'मी', असा नियम.
मागच्या दाराने मी पळाले, असं मी म्हणतो,
पंचावन्न वर्षांचा, दाढीवाला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला.
आज मात्र पळण्याबद्दल कुणी विचारत नाही.

न्यायाधीश बाई सौम्य आहेत. तिला आधी पाणी द्यायला लावतात.
म्हणतात, तुम्ही खरं बोललात की खोटं
हे मला ठरवता येत नाही.
ज्यांनी तुम्हाला खोटं ठरवलं
त्यांनी ते कायद्याने ठरवलं का, एवढंच मी बघते.
हे वाक्य मी ओरोमोत नेतो.
दोनदा नेतो.
दोन्ही वेळा रिकामं पोचतं.

निकालपत्र, परिच्छेद एकेचाळीस:
विमानतळावर अर्जदार म्हणाली, भावाला नेलं दोन हजार सहात.
मुलाखतीत म्हणाली, दोन हजार चौदात.
दिवस विचारला तर म्हणाली, पागुमेची तीन.
असा महिना आढळत नाही.
सबब अर्जदार विश्वासार्ह नाही.

दुष्काळात तेरावा महिना येतो म्हणे.
तिच्या फायलीत तो आलाच नाही,
तेच नडलं.

वकील नाही. रात्रभर कुणाची तरी ऑफिसं पुसून आलेली,
बोटांना अजून ब्लीचचा वास,
ती उभी राहते.
आमचं वर्ष तुमच्या मागून चालतं, म्हणते,
सात-आठ वर्षं मागून.
बारा महिने तिसाचे. उरलेल्या पाच दिवसांचा एक बारका महिना,
त्याचा पगार नाही, त्याचं भाडंही नाही.
त्याच्या तिसऱ्या दिवशी गमाचूला नेलं.
नव्या वर्षाचा मेंढा दारात बांधलेला होता.

मला हा महिना ठाऊक आहे. मी जन्मलोच त्यात.
पण दुभाष्याने स्वतःचं काही मिसळायचं नसतं.

बाई मंत्र्यांच्या वकिलाला विचारतात,
हे कुणी तपासलं होतं का? कुठल्या पानावर?
चाकांच्या बॅगेतून कागद निघतात,
निघत राहतात.

अकरा आठवड्यांनी निकाल: नकार रद्द.
प्रकरण परत खाली, नव्याने ऐकायला.

म्हणजे मी राहू?
नाही. म्हणजे पुन्हा सांगायचं.
पहिल्यापासून?
पहिल्यापासून. दार, मेंढा, सगळं.

समोरच्या बागेत बाकावर ती डबा उघडते,
इंजेराचा अर्धा तुकडा माझ्याकडे सरकवते.
घेऊ नये, असाही नियम आहे. घेतो.
पुढच्या वेळी 'मी' तुम्हीच म्हणाल ना?
दुभाषा कोण, ते वर ठरतं.
मी ट्रामची वेळ बघत बसतो.