मूळस्थान

ऑपेरा हाऊसला तिसऱ्या मजल्यावर
माझी खुर्ची, माझा दिवा, माझा सूक्ष्मदर्शक.
पासपोर्ट अजून काढलेला नाही.
तरी सकाळी दहाला मी मोगोकला असते
आणि डबा उघडायच्या आत रत्नपुऱ्याला जाऊन येते.

किरीटभाई कागदाचं पडीकं उलगडतात.
"बेन, याचं गाव सांग."
गाव कळलं की भाव ठरतो.
खड्यांचंही आपल्यासारखंच.

पाचूच्या पोटात पाण्याचा थेंब असतो,
थेंबात हवेचा बुडबुडा,
बुडबुड्याला खेटून मिठाचा चौकोनी कण.
तिन्ही एका जागी दिसले की बहुधा लिहिते: कोलंबिया.
केव्हाचं कोंडलेलं खारं पाणी ते,
आणि इथे रुळांपलीकडे, चौपाटीवर
त्याचंच कुणी सुटं भावंड डोकं आपटत असतं.

माणकातलं रेशीम आखूड,
नीलमातलं लांब, सुयांसारखं.
भट्टीत घातलेल्या खड्यात सुया वितळून
नुसते ठिपके उरतात.
भट्टीतून गेलेलं कुणीही
मला लगेच ओळखू येतं.

शाळेतल्या मुलींना इथे आणतात कधी.
एकीने विचारलं,
"ताई, खाण पाहिलीत का हो तुम्ही?"
नाही म्हणाले.
खोटं बोलले.

कांदिवलीची खदान. संध्याकाळी पाचला लाल फडकं वर,
शिट्टी, मग सुरुंग,
मग पत्र्यावर वाळूचा सडा.
आई खडी फोडायची, बोटांना चिंध्या बांधून.
एका सुरुंगात काळ्या दगडाचं पोट फुटलं,
आत कोनाड्याएवढी पोकळी,
आणि पोकळीभर लखलखाट.
मुकादम म्हणाला, गारगोट्या आहेत, भरा ट्रकमध्ये.
बापाने, यल्लप्पाने, एक मुंडाशात लपवला.
घरी आणून म्हणाला, "शेवंते, धर. डोळं हायेत बघ याला."

तो खडा मी परवा इथे आणला.
किरीटभाईंनी नुसता तळहातावर फिरवला.
"अपोफिलाइट. मऊ छे. अंगठीत टिकणार नाही."
परत दिला, चहा मागवला.

सगळे गेल्यावर भिंगाखाली धरला.
यातही पाणी आहे, पण थेंब होऊन नाही,
हाडामासात मुरलेलं.
तापवलं तर पाणी सोडतो
आणि पापुद्रे सुटत जातात.
मी तापवला नाही.

खदानीत आता तेवीस मजले उभे आहेत.
खालच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मध्ये कुठेतरी
ती पोकळी असणार.

कोरा फॉर्म घेतला.
वजन लिहिलं, रंग लिहिला: पाणी घातलेल्या ताकासारखा.
मूळस्थान: कांदिवली पूर्व.
प्रक्रिया केली आहे काय?
इथे पेन जरा थांबलं.
होय.
सत्तावीस वर्षं, दर मंगळवारी,
यल्लम्मापुढे ठेवण्याआधी,
पदराने पुसलेला.