मयताशी नाते

सांबराचं मुंडकं लिफ्टमध्ये मावेना.
शिंगं आडवी केली, तिरपी केली,
शेवटी वॉचमन रामसुरतने ते पाठीवर घेतलं
आणि पाचव्या मजल्यावरून जिन्याने उतरवलं,
प्रत्येक वळणावर त्यालाच म्हणत,
सांभाळून, शेठ.

इमारत पाडायची आहे. खार, पाचवा रस्ता.
त्याआधी ठाकुरद्वार, आणि त्याआधी
तानसाकडचं रान, १९३८, माघातली पहाट,
असं भाऊसाहेब सांगत, मग पप्पा सांगू लागले.
दर खेपेला सांबर बोटभर उंच झालं
आणि नेम वीस पावलं लांबून लागला.
हाकारे घालणाऱ्या कातकऱ्यांची नावं
कुणीच सांगितली नाहीत.
लहानपणी मला वाटायचं, त्यांना ती नसतातच.

डावा डोळा काचेचा, म्हैसूरहून भरून आला तेव्हाचा.
उजवा मी सात वर्षांची असताना गेला.
सुबोधने तो गोट्यांच्या डावात लावला
आणि हरला.
आईने पप्पांच्या ओव्हरकोटाचं बटण शिवलं,
तपकिरी, चार भोकांचं.
तेव्हापासून ते आमच्याकडे
एका डोळ्याने बघतं
आणि दुसऱ्याने चार ठिकाणी.

त्या शिंगांवर शाळेचे मोजे वाळले, पप्पांचे टाय,
एकदाच सुके बोंबील. मग आईने तंबी दिली.
डाव्या कानामागे माझी नववीची गुणपत्रिका
आठ दिवस होती. ते कुणाला बोललं नाही.

विकता येत नाही. भेट देता येत नाही.
मरणानेच काय तो मालक बदलतो.
सुबोध टोरांटोहून म्हणाला, तूच ठेव गं.
मागून वहिनीने विचारलं,
वास येतो का त्याला अजून?

बोरिवलीला वनखात्याच्या कचेरीत
अर्ज पंख्याने उडत होता, त्यावर कोपर ठेवलं.
समोरून फोटो, बाजूने फोटो,
शिंगांची लांबी सेंटिमीटरमध्ये,
मालकीचा जुना दाखला, मृत्यूचा नवा.
रकाना सातवा: मयताशी नाते.
पेन टेकवलं आणि थांबले.
कुठल्या?

खंदारे म्हणून लिपिक होते, चष्मा कपाळावर.
वडिलांशी, बाई. वडिलांशी.
पण तोवर मला आठवत होतं
की त्याच्याकडे बघून मी एकोणतीसचा पाढा पाठ केला,
आणि पप्पा गेले त्या रात्री
डॉक्टर येईपर्यंत त्या खोलीत
आम्ही दोघंच जागी होतो.
लिहायचं ते लिहिलं.

बाहेर कुंपणापलीकडे चितळं चरत होती.
एका नराच्या डोक्यावर नुसते खुंट.
काय झालं हो याला?
राखणदार हसला. काय व्हायचंय, गळली.
दरवर्षी गळतात.
सांबराची?
त्याचीही. पडली की पडली,
तो वळूनसुद्धा बघत नाही. नवी येतात.

म्हणजे ते एका वर्षाचं होतं,
जे आम्ही ऐंशीवर वर्षं पुसत आलो
रॉकेलच्या बोळ्याने, मग जुन्या टूथब्रशने.
गोळी चैत्रापर्यंत थांबली असती
तर त्याने ते आपणच टाकलं असतं
सागाच्या पाचोळ्यात कुठेतरी,
आणि भाऊसाहेबांना
नुसतं वाकावं लागलं असतं.

भाड्याच्या घरात भिंती पोकळ आहेत,
टकटक केलं तर खोक्यासारख्या वाजतात.
खिळा धरत नाही.
सध्या ते जेवणाच्या टेबलाशी, पप्पांच्या खुर्चीत.
रामसुरत पाणी प्यायला आला
तेव्हा त्याने आधी त्याला विचारलं, बरं आहे ना.

परवा अर्जाची प्रत आली.
सातव्या रकान्यात माझं खोडून
खंदारेंनी लाल शाईने 'मुलगी' केलंय.
खालचा शब्द दिसतो अजून,
खिडकीशी धरला तर.

बटण सैल झालंय.
तपकिरी दोरा होता कुठेतरी,
हलवाहलवीत सापडत नाहीये.