क्रमांक दोन

लीलाधर भारंबे म्हणाले, एकहाती गाडी आहे, भो.
माझ्या भावाशिवाय कोणी किल्लीला हात लावला नाही.
मी मान हलवली. मान हलवायचे पैसे लागत नाहीत.

जळगावच्या एमआयडीसीत, डाळ मिलच्या मागल्या शेडमध्ये
संक्रांतीपासून ताडपत्रीखाली उभी होती ती जर्मन.
भाऊ गेले तेव्हापासून.
मेचं ऊन, बॉनेटवर तळहात टेकेना.
काळी नाही, निळीही नाही;
जांभूळ देठाजवळ असतं तसा रंग.

बाप माझा सराफ्यात कसोटीवर सोनं घासायचा,
रेघ बघून गप्प बसायचा. गिऱ्हाईक घामाघूम.
मी पत्र्यावर मीटर टेकवतो :
छत एकशे दहा, डावं दार एकशे वीस,
मागचा उजवा पत्रा तीनशे ऐंशी.
'इथे काय झालं होतं?'
'मिलचं गेट घासलं. भावाच्याच हातून.'
रेघ बघून मीही गप्प.

तेल बघायला काडी नाही या जातीला,
पडद्याला विचारायचं, पडदा सांगेल ते खरं.
स्टेपनी नाही.
काचेखालच्या जाळीत तुरीची चुरी.
टायरची नक्षी शाबूत, रबर मात्र वाळलेलं, अठरा सालचं.
मीटरवर अडतीस हजार चारशे बारा.
मीटरवर माझा विश्वास नाही, पेडलच्या रबरावर आहे.
रबरानं मीटरची बाजू घेतली.

मग आत बसलो. सीट मागे, खूप मागे;
भाऊ उंच असणार.
दारावर दोन बटणं.
एक दाबलं, काही हललं नाही, सीट तिथेच होती.
दोन दाबलं
आणि सीट चालू लागली पुढे,
संथ, मोटरचा बारीक आवाज करत,
वर उचलली, आरसे खाली झुकले,
गुडघे स्टिअरिंगखाली दाबले गेले तरी थांबेना.
पाच फुटांच्या आतलं कोणीतरी
या गाडीच्या लक्षात होतं.

लीलाधरभाऊ फोनवर, उडदाचा भाव.
शेडच्या दारात कुंदावहिनी,
हातात माझ्यासाठी पाण्याचा तांब्या.
त्यांनी सीटकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.
'रात्री,' त्या म्हणाल्या, 'ते गोळी घेऊन झोपले की.
बांभोरीचा पूल, पाळधी, आणि परत.
आल्यावर एक दाबून ठेवायची, न चुकता.
गेट मीच घासलं, पहिल्या रात्री.
सकाळी ते सगळ्यांना म्हणाले, माझ्याकडून घासलं.'

तांब्या खाली ठेवला.
'ट्रायल घ्यावी लागते ना?'

हायवेला लागताच चपला काढून मागे टाकल्या,
स्पोर्टचं बटण न बघता दाबलं.
गिरणेच्या पुलावर मी कान लावून
पुढच्या डाव्या चाकाशी :
टक्. टक्. बुश गेलंय.
'दिवाळीपासून आहे,' त्या म्हणाल्या, मी न विचारता.
खाली नदीत वाळूचे ट्रॅक्टर. पाणी नव्हतं.
ब्रेकला गाडी ओढत नाही, गिअर झटका देत नाही,
पाळधीला वळवली एका दमात,
आरशात एकदाच बघून.

रात्री सावद्याहून टेनूशेठचा फोन,
मागे केळीचे ट्रक भरायचा ओरडा.
'काय म्हनते गाडी, भो?'
बुश, टायर, एक पत्रा. सव्वा लाख कमी सांगा.
'आन् हात किती?'
कागदावर एक.
मी जरा थांबलो. 'चालवलीये चांगली,' म्हणालो.

डिलिव्हरीआधी सगळं पुसून द्यायची पद्धत आहे :
फोन नंबर, रेडिओ, घरचा पत्ता.
ते पुसलं. दोन राहू दिला.
टेनूशेठ सव्वासहा फूट. कधीतरी चुकून बोट लागेल,
गुडघे अडकतील, मला फोन लावतील,
शिव्या देतील.
वायरिंगचं असेल, सांगेन. आणा, बघू.