वीस मिलिसेकंदांचा थांबा

वाउटर गेला तेव्हा ख्रोनिंगेनहून मला काहीच आलं नाही,
ना पेटी, ना चावी.
देखभाल करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव खोडून
मीच माझं लिहिलं: उर्वे, हीऊमा बेट.
चार हजार ओळींचा ड्रायव्हर पदरात पडला,
एका जुन्या पडद्याचा,
आणि त्यात मधोमध ही एक ओळ:
वीस मिलिसेकंद थांबा.
वर त्याची टीप:
'काढू नका. का ते मला माहीत नाही.
काढली की पडदा काळा.'

नऊ वर्षं मी त्या ओळीला वळसा घालून गेले,
जसा शेजारच्या एंडेलच्या कुत्र्याला घालते.
चावत नाही तो,
पण कशाला?

या नोव्हेंबरात वाल्दिवियाहून लाउतारोचा पॅच आला.
एकोणीस वर्षांचा पोरगा. हात स्वच्छ.
वजा एक ओळ, वजा तिची टीप,
आणि खाली कारण: 'अंधश्रद्धा काढली.'
मला हसू आलं. थोडं लागलंही.
तीन यंत्रांवर लावून पाहिला, तिन्ही उजळली.
नुसती पापणी लवायला याच्या पाचपट वेळ लागतो,
तेवढ्यासाठी कोण भांडत बसणार?
होकाराची कळ दाबायला बोट टेकलंच होतं.

तिन्ही यंत्रं नवी होती.

जुनं तळघरात, बटाट्यांच्या पोत्यामागे,
वाउटरनेच कधीतरी लोकरीच्या मोज्यात गुंडाळून धाडलेलं.
दुपारी चारला अंधार, वाऱ्यामुळे फेरीबोट बंद,
करण्यासारखं दुसरं होतं तरी काय.
तिथेच उकिडवी बसून सुरू केलं.
पंखा फिरला. डिस्क कुरकुरली. दिवा हिरवा.
पडदा काळा.

ओळ परत घातली.

पडदा काळाच.

इथे मी वाउटरला एक शिवी दिली,
एस्तोनियनमध्ये, त्याला कळू नये म्हणून.
यंत्र काखोटीला मारून वर आणलं, चुलीपाशी ठेवलं,
चहा टाकला, सहज पुन्हा कळ दाबली,
तर पडदा लख्ख.
खाली नेलं, काळा.
वर, लख्ख.
पाच वेळा तो जिना. गुडघे माझे एकसष्ट वर्षांचे.
सहाव्या खेपेला ऑसिलोस्कोप घेऊन उतरले
आणि व्होल्टेज चढताना पाहिलं,
दमेकरी माणूस चढण चढतो तसं.
चुलीपाशी सतरा मिलिसेकंद.
बटाट्यांपाशी सव्वीस.

म्हणजे वाउटरची खोली उबदार होती.
एवढंच.
एवढंच त्याला माहीत नव्हतं.

मग आठवली रान्वा, फेरो बेटांवरची,
बंदरातल्या शेडमध्ये मासळी तोलते.
दोन हिवाळे लिहीत होती बिचारी
की पहाटे काटा चालतो पण आकडे दिसत नाहीत,
अंगातला कोट काढून पडद्यावर टाकावा लागतो.
मी तिला केबल तपासायला सांगितली होती.
दोनदा.

लाउतारोला कळवलं:
'ओळ काढायची नाही, वाढवायची. वीसचे चाळीस कर.
आणि कारण लिही. तूच लिही,
तू शंका घेतली नसतीस तर मी अजून वळसा घालत असते.'
तीन दिवस काही नाही.
रुसला असेल म्हटलं, या वयात मीही रुसायची.
चौथ्या दिवशी आला पॅच,
वीसचे चाळीस, सहा ओळींत कारण,
आणि शेवटी, मी न सांगता:
मोजमाप उर्वेचं. पहिला थांबा वाउटरचा.
स्वतःचं नाव विसरला होता.
ते मी घातलं, एक स्वल्पविराम हलवला,
आणि घेतला.

फेब्रुवारीत रान्वाची ओळ आली:
'पहाटे पाचला लागला. कॉड, चारशे बारा किलो.'
आभार वगैरे नाहीत. घाईत असणार.

बटाट्यांना कोंब फुटलेत.
यंत्र मी परत त्यांच्यामागेच ठेवलंय,
मोज्याशिवाय.