नंदगडची

हेळवी यंदा मोपेडवरून आला.
बैल माझ्या बापाचा होता, म्हणाला,
आणि पिशवीतली वही काढून मांडीवर घेतली
ताप आलेल्या पोरासारखी.

वाचताना तो अर्धा कानडी होतो:
मूळ गाव हलशी. तिथून खानापूर.
रवळोजीला मुलगे तीन. मधला भरमाणी.
नदीकाठची माती चावून बघितली
आणि कौलांची भट्टी घातली.
बायको नंदगडची.

नाव?
त्यानं पान उलटलं, परत उलटलं.
नंदगडची, म्हणाला. एवढंच आहे.
पायलीभर भात आणि शर्टाचं कापड घेऊन
पुढच्या दारी गेला.

तहसीलच्या खिडकीत एका बाईंनी
मृत्यूचा दाखला कानडीतून वाचून दिला,
अक्षराखाली बोट धरून:
भरमप्पा रवळप्पा बिर्जी.
राज्य बदललं तेव्हा आमच्या घरात
सगळ्यांना अप्पा लागला.
नऊ फेब्रुवारी अठ्ठावन्न. कारण, ताप.

घरी त्याच्या रोजकिर्दी आहेत,
लाल कापडाच्या, वाळवीनं कडा खाल्लेल्या.
आठ फेब्रुवारी: वॅगन एक, कौले चार हजार, फूट दीडशे.
नऊ कोरी. दहा कोरी.
चौदाला: भट्टी पेटवली. जांबोटीचं लाकूड, दोन गाड्या.

तेच अक्षर. तसंच उजवीकडे कललेलं.

एकसष्टपर्यंत मेलेला माणूस
लोंढ्याला, हुबळीला कौलं पाठवत होता,
उधारीला तगादे लावत होता,
आपला, भ. र. बिर्जे.
पोस्टानं धंदा करणाऱ्याला
समोरचा जिवंत आहे का ते कुठं दिसतं.

फरक फक्त ळ चा.
त्याचा ळ एका दमात सुटायचा.
चौदा तारखेपासून वाळूत, हुबळीत
प्रत्येक ळ ला दोनदा गाठ आहे,
दावं बांधताना मारतात तशी.

आणि दर संक्रांतीला असायचा तो खर्च,
कासार, बांगड्या, सव्वा रुपया,
तेवढा पुढच्या पानांत नाही.

नंदगडला मुलींची शाळा होती का तेव्हा?
की गिरवलं असेल तिनं भट्टीच्या राखेत,
तो शेजारी खोकत असताना,
महिनाभर आधीपासून?

हेळव्याचा नंबर आहे माझ्याकडे.
फोन केला तर म्हणेल, सापडलं का नाव?
काय सांगू,
नाव नाही, ळ सापडला,
तो लिहून घेता का?