पंधराच्या वर वारा

ओयार्सचं पत्र आलं की मला कळतं,
लिएपायाच्या बंदरात वारा पंधराच्या वर गेलाय.
तेवढ्या वाऱ्यात क्रेन थांबवतात.
मग तो उंच केबिनमध्ये बसून,
थर्मासचं झाकण गुडघ्यावर तोलत,
आमच्या खेळातली एक खेळी खेळतो.
एकच. आणि मला लिहितो.

माझं काम आकड्यांचं.
लांडगेस्वारानं किती घरं धावावं,
चेटकिणीच्या शापाला किती मोहरा पडाव्यात,
तीन बाण लागल्यावर दलदलीतल्या राक्षसानं
पडावं की नुसतं चिडावं.
दिवसभर मी मेलेल्यांना उठवते, पुन्हा मारते,
आणि पाच वाजता कोट चढवून रीगातली माझी बस पकडते.

बाकीच्यांची पत्रं वेगळी.
कुलडीगाची सानिता, वय चौदा, लिहिते:
"सहाव्या फेरीपर्यंत आठ लांडगे घ्या, तट बांधूच नका,
थेट राजधानीत घुसा. शंभरातले एक्याण्णव डाव जिंकले.
तुमचा खेळ मोडका आहे. आवडतो."
तपासलं. पोरीचं खरं होतं.
लांडग्यांची धाव एका घरानं आखूड केली,
तर तिसऱ्या दिवशी साडेचारशे लोक
माझ्या नावानं बोटं मोडत होते.

ओयार्स जिंकत नाही.
तो बुटक्यांची फौज घेतो, सगळ्यांत दुबळी,
आणि मागे सरतो.
गाव सोडतो, आपणच बांधलेला पूल जाळतो,
धान्य पुढे धाडतो, म्हातारे भालाईत ठेवतो
टेकडीवर, जिथे धुकं उतरतं.
"शत्रूला रिकामी घरं जिंकू द्यावीत," तो लिहितो,
"रिकामं घर राखायलाही माणूस लागतो.
तिसाव्या फेरीला तुमच्याकडे बर्फ पडतो ना?
तोवर त्याची फौज नकाशाभर सांडलेली असते,
फाटक्या पोत्यातल्या दाण्यांसारखी."
तरी हरतोच. बत्तिसाव्या फेरीला, छत्तिसाव्या.
एकदा एकेचाळिसाव्या;
त्या पत्रात उद्गारचिन्ह होतं.

मार्चमध्ये मी नावाडी काढून टाकायचं ठरवलं.
किंमत चाळीस मोहरा, हाती शस्त्र नाही,
नदी ओलांडायला दोन फेऱ्या.
हजारात एखादा त्याला घेई.
यादीत त्याच्यावर रेघ मारली.
बातमी बाहेर गेली त्या रात्री वारा बावीस होता.

"वेल्गा,
नावाडी हळू आहे ही त्याची चूक नाही, नदी रुंद आहे.
मी त्याला लढाईसाठी घेत नाही,
डाव हातचा गेला की घेतो.
राजा नाही, मुकुट नाही,
एक घायाळ भालाईत नावेत बसवतो आणि पलीकडे नेतो.
पलीकडे काही नाही, ठाऊक आहे मला, नकाशा संपतो.
पण तुमच्या हिशेबात तो मेलेल्यांत धरला जात नाही.
बघा तपासून."

तपासलं.
हरलेल्या डावांच्या ढिगाऱ्यात त्याचे दोनशे चौदा,
आणि प्रत्येकात, नकाशाच्या अगदी काठावर,
एक शिपाई जिवंत.
कुणाचा जीव एक, कुणाचा दोन.
डाव कधीच मोडला होता,
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नावाडी ठेवला. बैठकीत कारण विचारलं तेव्हा म्हणाले,
काढला तर पुलांचं गणित बिघडेल.
अगदीच खोटं नव्हतं.
किंमत मात्र एकोणचाळीस केली,
का, ते मला विचारू नका.

आता जुलै आहे. समुद्र तेलासारखा पडून आहे.
क्रेन दिवसरात्र चालत असणार,
लाकूड, धान्य, आणखी काय काय.
सानितानं गरुडांची नवी युक्ती काढलीय,
तीही बरोबर आहे, तीही दुरुस्त करायचीय.
मी थांब्यावर उभी राहून बर्चची पानं बघते.
हलतात. नुसती हलतात.
चार असेल, फार तर.